वेब ॲपचा इंटरफेस फेऱ्या-फेऱ्यांनी कसा घडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझाईन शिकणारी पोरं, एकट्यानं ॲप बनवणारे डेव्हलपर आणि अधूनमधून एखादा वैतागलेला क्लायंट, या सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून टाकतोय. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतलंय, दूध संकलन केंद्रासाठी आम्ही केलेलं वेब ॲप. सकाळ-संध्याकाळ दूध घेणं, फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकणं, पावती देणं, दहा दिवसाला बिल काढणं, एवढंच काम. साधं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

१. इटरेटिव्ह डिझाईन म्हणजे नक्की काय? एकदाच नीट विचार करून बनवलं तर काय बिघडतं?

थोडं बनवायचं, जो वापरणार त्याच्या हातात द्यायचं, तो कुठे अडखळतो ते बघायचं, दुरुस्त करायचं, परत द्यायचं. बास, एवढंच आहे. आणि नीट विचार करून बनवलं तरी तो विचार तुम्ही स्वतःच्या टेबलावर बसून केलेला असतो, तिथेच गडबड होते. आमच्या पहिल्या स्क्रीनवर सभासदाचं नाव शोधायची पेटी सगळ्यात वर होती, आम्हाला ते एकदम बरोबर वाटलेलं, आणि केंद्रावर गेल्यावर कळलं की तिथे नाव कुणी घेतच नाही, माणूस किटली ठेवतो, "एकशे बारा" म्हणतो आणि झालं. कोड नंबर. नावाची पेटी पहिल्याच दिवशी खाली गेली.

ही काही नवी फॅशन नाही बरं का. आयबीएममधल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्येच तीन गोष्टी सांगून ठेवल्यात: सुरुवातीपासून वापरणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या कामाकडे लक्ष द्या, तो प्रत्यक्ष वापरताना मोजमाप करा, आणि फेऱ्या करा. तेव्हा वेब पण नव्हतं.

२. मी रोज फिग्मामध्ये (स्क्रीन काढायचं डिझाईन ॲप) काही ना काही बदलतच असतो. ते इटरेशनच झालं ना?

नाही हो. त्याला रंगरंगोटी म्हणतात. फेरी तेव्हाच म्हणायची जेव्हा सुरुवातीला एक प्रश्न लिहिलेला असतो आणि शेवटी त्याचं उत्तर मिळालेलं असतं. "बटण हिरवं की निळं" हा बहुतेक वेळा फुकटचा प्रश्न आहे. "लाईनीत दहा माणसं असताना टेस्टरला एक नोंद करायला किती वेळ लागतो आणि तो मध्ये कुठे थांबतो" हा प्रश्न आहे. (टेस्टर म्हणजे केंद्रावर दूध तपासून नोंद करणारा माणूस.) मी तर वहीत प्रत्येक फेरीला एक पान देतो, वर प्रश्न, मध्ये काय दाखवलं, खाली काय दिसलं, आणि सगळ्यात खाली काय ठरलं. प्रश्न सुचत नसेल तर फेरी करूच नका, त्यापेक्षा केंद्रावर जाऊन चहा प्या, प्रश्न आपोआप मिळतो.

३. एक फेरी किती दिवसांची असावी?

आठवडा पुरतो. दोन दिवस बनवायचे, एक दिवस दाखवायचं, एक दिवस उकल आणि निर्णय, उरलेला दिवस कशात ना कशात जातोच. कागदावरची फेरी असेल तर दिवसभरात दोन पण होतात. महिन्याची फेरी मात्र नको, तोवर त्या स्क्रीनवर तुमचा एवढा जीव जडलेला असतो की समोरचा अडखळला तरी तुम्ही त्यालाच समजावत बसता.

४. सुरुवात कुठून करू? डायरेक्ट फिग्मा उघडू का?

आधी जागेवर जा. ऑफिसात बसून लिहिलेली रिक्वायरमेंट आणि सकाळी सहाला केंद्रावर दिसणारी परिस्थिती यात फार फरक असतो. आम्हाला तिथे काय काय दिसलं सांगतो: टेस्टरचे हात ओले असतात, त्यामुळे टचस्क्रीनवर बोट नीट लागत नाही. बाहेर अंधार आणि आत एकच ट्यूब, स्क्रीनचा ब्राइटनेस कुणीतरी कधीकाळी कमी केलेला तो तसाच. कीबोर्डवर प्लॅस्टिक ताणून बसवलेलं. माउस आहे पण कोपऱ्यात, सगळं काम उजव्या हाताच्या नंबरपॅडवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दूध घालणारा माणूस स्क्रीनकडे वाकून बघतो, त्याला फॅट किती लागली ते पावती हातात यायच्या आधीच बघायचं असतं. म्हणजे वापरणारा एक, वाचणारे दोन. हे कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं.

मग कागद. ए फोर आडवा धरा, मार्करनं काढा, पेन्सिलीनं नको कारण पेन्सिल हातात आली की माणूस बारीकसारीक कोरत बसतो. एकाच स्क्रीनचे चार-पाच वेगवेगळे प्रकार काढा, पहिला सुचलेला बहुतेक कुठल्यातरी दुसऱ्या ॲपची आठवण असतो. फिग्मा त्यानंतर.

५. कागदावरचं वेडंवाकडं स्केच लोकांना दाखवायला लाज वाटते. थोडं चांगलं करून दाखवलं तर?

उलट होतं. चकचकीत स्क्रीन दाखवली की लोक "छान आहे, पण तो लोगो जरा मोठा करा" म्हणतात, कारण त्यांना वाटतं काम झालंय, आता काय बोलायचं. कागद दाखवला की तेच लोक पेन मागून घेतात. दूध संस्थेच्या सचिवांनी कागदावर स्वतःच "इथे मागच्या वेळची फॅट पाहिजे" म्हणून चौकोन काढला, आणि तो चौकोन आजही ॲपमध्ये आहे. खरंच उपयोगाचा निघाला, मागच्या वेळेपेक्षा फॅट एकदम खाली आली तर शेतकरी आणि टेस्टर यांच्यात तिथल्या तिथे बोलणं होतं, बिलाच्या दिवशी भांडण होत नाही.

६. टेस्टिंगला किती माणसं लागतात? पाच म्हणतात ते खरं का?

खरं आहे पण अर्धवट सांगितलं जातं. वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये हिशोब मांडला होता, त्यांच्या प्रोजेक्ट्समध्ये एका माणसाच्या टेस्टमध्ये सरासरी ३१ टक्के प्रॉब्लेम दिसायचे. म्हणजे ६९ टक्के निसटतात, पाच जणांनंतर ०.६९ चा पाचवा घात म्हणजे साधारण १५ टक्के निसटलेले राहतात, आणि ८५ टक्के सापडतात. पाचाचा आकडा इथून आला.

लोक विसरतात ते पुढचं. हा हिशोब एकाच प्रकारच्या माणसांसाठी आहे. टेस्टर, सचिव आणि मोबाईलवर बिल बघणारा शेतकरी हे तीन वेगळे प्रकार, त्यांच्यातले मिळून पाच घेतले तर कुणाचंच नीट कळणार नाही, प्रत्येकाचे तीन-चार घ्या. दुसरं म्हणजे ३१ हा सरासरी आकडा आहे, ॲप गुंतागुंतीचं असेल तर एकेका माणसात कमी सापडतं. आणि तिसरं, माझ्या मते खरा मुद्दा हाच, १५ माणसं एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, नील्सननंही हेच म्हटलंय, कारण पहिल्या पाचांत सापडलेलं दुरुस्त केल्याशिवाय त्याच्यामागे लपलेलं दिसतच नाही.

७. ऑफिसमधल्याच चार जणांवर टेस्ट केलं तर चालेल का?

स्पेलिंगच्या चुका आणि तुटलेल्या लिंका सापडतील. बाकी नाही. ज्यांना एसएनएफ म्हणजे काय हे ॲपमुळे कळलं त्यांच्यावर टेस्ट करून काय उपयोग.

८. टेस्ट घेताना मी बोलू काय? माणूस गप्पच बसतो नाहीतर सगळं छानच म्हणतो.

हा आपल्याकडचा खास प्रॉब्लेम आहे. माणसं घरी आलेल्या पाहुण्याचं मन मोडत नाहीत, आणि वर "आम्हालाच जमत नाही हो, तुमचं बरोबरच असणार" म्हणून चूक स्वतःवर घेतात. त्यामुळे आधीच सांगा, की मामा, हे मी बनवलेलं नाही, दुसऱ्यानं बनवलंय, मला फक्त त्यात चुका शोधायला पाठवलंय. थोडं खोटं आहे, मान्य आहे, पण जीभ सुटते. खोटं नको असेल तर एवढं तरी सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.

मग काम द्या, बटणाचं नाव घेऊ नका. "नवीन नोंद वर क्लिक करा" म्हटलं की टेस्ट संपली. "एकशे बारा नंबरचे आले, साडेसहा लिटर गाईचं दूध आणलंय, घ्या बघू" असं म्हणा. करता करता मनात काय येतंय ते मोठ्यानं बोलायला सांगा. पहिली दोन मिनिटं अवघड जातं, नंतर माणूस बडबड करायला लागतो.

आणि अडकला की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजतो. "हे कसं करायचं?" विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?" एवढंच. पहिल्या खेपेला मी तिसऱ्या सेकंदाला बोट दाखवलं होतं, सगळी सकाळ वाया. शेवटी "आवडलं का" विचारू नका, "उद्या हे नसलं तर वहीत कसं कराल" विचारा, त्यात खरी माहिती निघते.

९. एका टेस्टमधून वीस प्रॉब्लेम निघाले. सगळे दुरुस्त करत बसू का?

नाही. नील्सनची ० ते ४ ची पट्टी वापरा, ० म्हणजे प्रॉब्लेमच नाही, १ म्हणजे दिसण्यापुरता, २ किरकोळ, ३ मोठा, ४ म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय ॲप बाहेर जाऊच द्यायचं नाही. आकडा देताना तीन गोष्टी बघायच्या: किती जणांना येतो, आला तर किती अडतं, आणि एकदा कळल्यावर सुटतो की रोज रोज नडतो.

आमच्याकडे एकाच माणसाला आलेला एक प्रॉब्लेम ४ ठरला. सकाळची पाळी आहे की संध्याकाळची हे ॲप घड्याळावरून ठरवायचं, आणि एके दिवशी लाईट गेल्यानं सकाळच्या नोंदी वहीतून दुपारी टाकल्या तर त्या सगळ्या संध्याकाळच्या म्हणून गेल्या. एकदाच झालं, पण पैशाचा हिशोब चुकला म्हणजे ४. याउलट "लॉगआउट सापडत नाही" हे पाचही जण म्हणाले, आणि आम्ही ते तीन फेऱ्या तसंच ठेवलं, कारण केंद्रावर लॉगआउट कुणी करतच नाही.

१०. दोन युजर एकदम उलट सांगतात. कुणाचं ऐकायचं?

मागणी ऐका पण जशीच्या तशी बनवू नका, मागणीमागची अडचण शोधा. सचिव म्हणाले सगळं एका स्क्रीनवर पाहिजे, आजचं एकूण संकलन, शिल्लक उचल, पशुखाद्याची कपात, सगळं. टेस्टर म्हणाला मला फक्त एक मोठा आकडा पाहिजे. भांडण नव्हतंच, दोघांची कामं वेगळी होती. सचिव दिवसातून एकदा शांतपणे बघतात, टेस्टर दोन तासांत दीडशे नोंदी मारतो. दोन स्क्रीन केल्या, विषय संपला. एकाच कामाच्या दोन माणसांमध्ये फरक पडला तर मात्र त्यांनी काय सांगितलं ते सोडा आणि करताना काय केलं ते बघा, यासाठी प्रश्न ८ मधली पद्धत.

११. मराठी इंटरफेस असेल तर फेऱ्यांमध्ये वेगळं काय तपासायचं?

बरंच काही, आणि हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळत नाही म्हणून जरा लांब लिहितो.

अक्षरांपासून सुरुवात. इंग्रजीत शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवायची सवय असते, देवनागरीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द कवळीसारखा दिसायला लागतो, तिथे ते सेटिंग शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-जोडाक्षरं एकमेकांत घुसतात, मी १.६ च्या खाली जात नाही. बटणाची उंची ठरवताना "Submit" ऐवजी "र्कीं" आणि "ट्टू" टाकून बघा, कापलं जातंय का. फॉन्टमध्ये मुंबईच्या "एक टाईप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा "मुक्त" (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत आणि चालतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतात, ते त्याशिवाय येत नाहीत.

मग आकडे. ब्राउझरला मराठी भारत असं सांगून आकडा फॉरमॅट केला की तो देवनागरी आकडे देतो, ३.८ वगैरे, छान दिसतं. पण नंबरपॅडवर दाबलं की उमटतात इंग्रजी आकडे. म्हणजे टाकताना एक लिपी आणि पावतीवर दुसरी, टेस्टर दोन वेळा खात्री करायला लागला. आणि कुणी मोबाईलवर मराठी कीबोर्डनं ३.८ टाकलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही, "आकडा चुकीचा आहे" असा मेसेज येतो आणि माणूस बघत राहतो की माझं काय चुकलं. देवनागरी आकडे आले तर आतल्या आत बदलून घ्या, माणसाला त्रास देऊ नका.

नावं शोधणं हे तर वेगळंच प्रकरण. "कऱ्हाडे" मधला ऱ्ह दोन वेगळ्या पद्धतीनं टाईप होतो, दिसायला सारखाच, पण कॉम्प्युटरला वेगळा, म्हणून सर्चमध्ये माणूस सापडत नाही आणि मग कुणीतरी त्याचं दुसरं खातं उघडतं. शिवाय अर्धी जनता "shinde" असं इंग्रजीतच टाईप करणार. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली असेल तर लक्षात ठेवा, "क्षि" हे आपल्याला एक अक्षर वाटतं, कॉम्प्युटर ते चार मोजतो.

शब्द हा शेवटचा मुद्दा आणि सगळ्यात जास्त वादाचा. आम्ही "जतन करा" लिहिलं, टेस्टर थांबला, मग म्हणाला "सेव्ह का?" दुसऱ्या फेरीत "सेव्ह करा" केलं, कुणी थांबलं नाही. पण "ॲडव्हान्स" लिहिलेलं तिथे उलट झालं, सगळे "उचल" म्हणतात. आणि एखाद्यानं त्या दिवशी दूध घातलं नाही तर आम्ही "अनुपस्थित" लिहिलं होतं, त्यावर तर हसलेच, "खाडा" म्हणा की सरळ! शुद्ध मराठी की इंग्रजी हा वाद ऑफिसात घालू नका, तिथले लोक काय म्हणतात ते वहीत लिहून आणा.

१२. फॉर्ममध्ये तारीख आणि आकड्यांसाठी ब्राउझरचे तयार कंट्रोल वापरावेत का?

टेस्ट केल्याशिवाय नाही. ब्रिटन सरकारची गव्ह डॉट यूके साईट यासाठी बघण्यासारखी आहे, जानेवारी २०१२ मध्ये बीटा म्हणून बाहेर आली, १७ ऑक्टोबर २०१२ ला पक्की झाली, आणि त्यानंतरही त्यांची टीम बदल का केले ते उघडपणे लिहीत आली. जन्मतारखेसाठी ते कॅलेंडर दाखवत नाहीत, दिवस-महिना-वर्ष अशा तीन साध्या पेट्या देतात, कारण जन्मतारीख माणसाला पाठ असते, साठ वर्षं मागे क्लिक करत कशाला न्यायचं. आणि २०२० मध्ये त्यांनी आकड्यांच्या पेटीसाठी असलेला खास प्रकार सोडून साधी टेक्स्टची पेटी घेतली, फक्त मोबाईलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं सांगून.

त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक म्हणजे, त्या खास प्रकारात पेटी सिलेक्ट असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा गुपचूप बदलू शकतो. आता हे फॅटच्या पेटीत झालं तर? आमच्याकडे पण तोच प्रकार वापरलेला होता. वाचलं त्याच रात्री काढून टाकला.

१३. ए/बी टेस्टिंग केलं की वादच संपतो ना?

ए/बी म्हणजे अर्ध्या लोकांना एक डिझाईन, अर्ध्यांना दुसरं, आणि कुठलं जास्त चालतं ते मोजायचं. त्यासाठी तुमच्याकडे माणसं किती येतात ते आधी बघा. समजा शंभरातले ५ जण फॉर्म पूर्ण करतात आणि नव्या डिझाईननं ते ६ होतात का हे तपासायचंय, तर नेहमीच्या खात्रीच्या पातळीला प्रत्येक बाजूला साधारण ८ हजार माणसं लागतात. दीडशे सभासदांच्या केंद्रावर हे जन्मात होणार नाही. गूगलला परवडतं, तरी तिथेही निळ्या रंगाच्या ४१ छटांची टेस्ट करायला लावली म्हणून वैतागून डग्लस बोमन नावाचा त्यांचा डिझायनर २००९ मध्ये बाहेर पडला. शिवाय ए/बी टेस्ट कोण जिंकलं ते सांगते, का जिंकलं ते सांगत नाही. छोट्या ॲपला पाच माणसं आणि एक वही जास्त कामाची.

१४. किती फेऱ्या करायच्या? थांबायचं कधी?

किमान तीन. हे नुसतं माझं मत नाही, नील्सननं १९९३ मध्ये चार प्रोजेक्ट्सचा आढावा घेतला होता, त्यात पहिल्यापासून शेवटच्या आवृत्तीपर्यंत वापरसुलभतेत मध्यक १६५ टक्के सुधारणा दिसली आणि एकेका फेरीला ३८ टक्के. तीन आवृत्त्या तरी करा असं तो म्हणाला, कारण एखाद्या फेरीत एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडू शकते.

मोजायला साधं काहीतरी ठेवा. आम्ही एका नोंदीला लागणारे सेकंद आणि शंभर नोंदींमागे दुरुस्त्या, हे दोनच आकडे भिंतीवर लावले होते. लोकांचं मत पाहिजे असेल तर जॉन ब्रूकनं १९८६ मध्ये केलेली दहा प्रश्नांची एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली आहे, तिचा गुणांक १०० पैकी निघतो पण ती टक्केवारी नव्हे, ६८ च्या आसपास सरासरी धरतात. थांबायचं कधी, तर लागोपाठ दोन फेऱ्यांत ३ किंवा ४ चा नवीन प्रॉब्लेम निघाला नाही की त्या स्क्रीनपुरतं थांबा (आकडे प्रश्न ९ मध्ये).

१५. क्लायंट म्हणतो फायनल डिझाईन दाखवा, फेऱ्याबिऱ्या आम्हाला कळत नाही. बजेट पण फिक्स. काय करू?

कोटेशनमध्येच "तीन फेऱ्या, प्रत्येकीत पाच माणसं, आणि त्यानंतरचे बदल" अशी वेगळी ओळ टाका. "अनलिमिटेड रिव्हिजन" हा शब्द आयुष्यात लिहू नका, एकदा लिहिला होता, एका क्लायंटनं दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत बटणाचा रंग बदलून घेतला आणि एकाही युजरला कुणी काही विचारलं नाही. त्या रिव्हिजन होत्या, फेरी त्यात एकही नव्हती (फरक प्रश्न २ मध्ये सांगितलाय).

दुसरा उपाय जास्त चालतो. क्लायंटला टेस्टच्या वेळी मागे खुर्ची टाकून बसवा, बोलायचं नाही या अटीवर. स्वतःचा माणूस आपल्याच आवडत्या स्क्रीनवर चार मिनिटं अडकलेला बघितला की पुढच्या फेरीचे पैसे तो स्वतःहून काढतो.

१६. डेव्हलपर म्हणतो रोज डिझाईन बदललं तर मी कोड कधी लिहू?

त्याचं बरोबर आहे. जे अजून फेरीत आहे ते कोडला द्यायचंच नाही. डिझाईन एक-दीड आठवडा पुढे चालू द्या, थांबायची अट पाळलेली स्क्रीन (प्रश्न १४) तेवढीच पुढे सरकवा. आणि दरपत्रकाचा हिशोब, डेटा साठवणं, प्रिंटर, हे इंटरफेसच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतं, तो आधी तिकडे लागू दे. एक मात्र आहे, काही प्रश्न कागदावर सुटतच नाहीत, उदाहरणार्थ वेग. एका सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाची तंद्री मोडत नाही, दहा सेकंदांनंतर तो दुसरीकडे बघायला लागतो, आणि हे खऱ्या नेटवर्कवर खऱ्या कोडनंच कळतं. अशा स्क्रीनसाठी टाकाऊ कोड लिहायला लावा, आधीच सांगून की हा टाकाऊ आहे.

१७. ॲक्सेसिबिलिटी शेवटच्या फेरीत बघितली तर चालेल?

नको, अधू नजरेच्या किंवा माउस न वापरता येणाऱ्या माणसालाही ॲप वापरता यावं हे शेवटी बघायला गेलं तर सगळं उलटंपालटं करावं लागतं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १, दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल (ही अट २०२३ मध्ये डब्ल्यूसीएजी २.२ या ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक नियमांत आली, बोटासाठी मी दुप्पट ठेवतो), आणि सगळं काम नुसत्या कीबोर्डवर होतंय का, एवढं पहिल्या क्लिक करता येणाऱ्या प्रोटोटाईपपासून (कच्च्या नमुन्यापासून) बघा. प्रश्न ४ मधली ती मंद ट्यूब आठवा, कॉन्ट्रास्टची गरज चांगल्या डोळ्यांनाही लागते.

१८. आता एआय दोन मिनिटांत स्क्रीन बनवून देतं. मग फेऱ्या कशाला?

बनवायचा वेळ वाचतो, खरंय, मी पण वापरतो, एका दिवसात चारऐवजी दहा प्रकार दाखवता येतात. पण ते खूप चकचकीत बनवतं, त्यामुळे प्रश्न ५ मधला प्रॉब्लेम पहिल्याच दिवशी दारात उभा राहतो. आणि खाडा त्याला माहीत नव्हता.

१९. नवीन आवृत्ती जुन्यापेक्षा वाईट निघाली तर?

मागे जा. त्यासाठी जुन्या सगळ्या आवृत्त्या तारखेसकट ठेवा, आणि "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" अशी नावं देऊ नका. फक्त मागे जायच्या आधी बघा की खरंच वाईट आहे की नुसती सवय नाही. नव्या माणसाला दोन्ही दाखवा, ज्यानं आधीचं पाहिलेलं नाही त्याला. त्यालाही नवीन अवघड गेलं तर डिझाईन चुकलं, त्याला सोपं गेलं आणि फक्त जुन्यांना अवघड गेलं तर पुढचा प्रश्न वाचा.

२०. ॲप लाईव्ह आहे, लोकांच्या हाताला बसलंय. आता फेऱ्या चालू ठेवायच्या का?

ठेवायच्या, पण हाताच्या सवयीला हात लावताना शंभर वेळा विचार करा. आमची चूक सांगतो. नोंदीच्या स्क्रीनवर आधी एसएनएफ आणि मग फॅट अशा पेट्या होत्या, आम्हाला वाटलं मशीनवर फॅट आधी दिसते तर तसंच ठेवू, नव्या लोकांवर टेस्ट केलं, सगळ्यांना सोपं गेलं, सोडून दिलं. जुना टेस्टर स्क्रीनकडे बघतच नव्हता, नंबरपॅडवर बोटं चालत होती, त्यानं सवयीनं आधी एसएनएफ मारलं.

गाईच्या दुधाला काही झालं नाही. ३.८ फॅट आणि ८.५ एसएनएफ उलटं पडलं की ॲप लगेच ओरडायचं, गाईला साडेआठ फॅट कुठून येणार. म्हशीला मात्र फसलो. फॅट ८.२, एसएनएफ ९.०, उलटं केलं तरी दोन्ही आकडे म्हशीच्या मर्यादेत बसतात, ॲप गप्प. शेतकऱ्याला फॅटचे पैसे जास्त, संस्थेला तोटा, आणि कळलं ते दोन पाळ्यांनंतर, एका प्रामाणिक माणसानं स्वतःच येऊन "माझ्या म्हशीला एवढी फॅट नसते हो" सांगितलं तेव्हा.

आम्ही पेट्या परत जुन्या क्रमानं लावल्या. नवीन क्रम सेटिंगमध्ये ठेवला, नव्यानं सुरू होणाऱ्या केंद्रांना तो मिळतो, जुन्यांना मागितला तरच. प्रश्न ५ मधला मागच्या वेळच्या फॅटचा चौकोन आता फरक पाऊण पॉइंटपेक्षा जास्त असला की लाल होतो. आणि लाईव्ह स्क्रीनवर पेट्यांचा क्रम, एंटर दाबल्यावर कुठे जातं, आणि बटणाची जागा, या तीन गोष्टी बदलायच्या असतील तर आमच्यापैकी एक जण त्या सकाळी सहाला केंद्रावर उभा असतो. गेल्या वेळी माझा नंबर होता, थंडी भयंकर होती.